कोरडा सांधा

माझा भाऊ आणि मी एकमेकांना पाण्यात पाहतो. दोघंही प्लंबर असल्यामुळे हे ऐकून लोकांना हसू येतं, आणि त्यांना हसू आलं की मला राग येतो. आमच्यात हसण्यासारखं काही नाही. नऊ वर्षांपूर्वी आम्ही एकत्र काम करणं सोडलं, त्यानंतर एकत्र जेवणं आणि मग बोलणं. कारण विचाराल तर एका ओळीत सांगते: कॉम्प्रेशन सांध्याच्या रिंगला मी टेप गुंडाळते आणि तो पेस्ट लावतो.

हसा. मी थांबते.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तांब्याच्या पाइपवर आधी पितळी नट सरकवायचा, त्यामागून बारीक बांगडीसारखी पितळेची रिंग, मग पाइपचं टोक फिटिंगमध्ये खुपसायचं आणि नट आवळायचा. नट आवळला की रिंग दबते, पाइपला गच्च धरते आणि पाणी तिथेच अडतं. आग नको, डाग द्यायला नको, दोन पाने आणि दोन हात पुरतात. आता त्या रिंगवर पांढऱ्या टेपचे दोन वेढे द्यायचे की बोटाने पेस्टचा लेप लावायचा, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नाचीही झाली नव्हती. मला टेप बाबांनी शिकवली. दादा म्हणतो की त्याला पेस्टसुद्धा बाबांनीच शिकवली. तो खोटं बोलतो, असं मी पंचवीस वर्षं धरून चालले होते.

फाटलं ते एका वकिलाच्या छतावरून. आम्ही दोघांनी मिळून टाकलेल्या लाइनमधला एक सांधा सुटला आणि खालच्या मजल्यावरच्या वकिलाच्या कचेरीचं छत त्याच्या टेबलावर येऊन बसलं. सांधा कोणाचा होता ते आजही ठरलेलं नाही. दादा म्हणतो टेपचा होता, मी म्हणते पेस्टचा. त्या ढिगाऱ्यात टेपही दिसत नव्हती आणि पेस्टही दिसत नव्हती, नुसता वकील दिसत होता. त्या दिवशी दादा सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बायकांच्या हातात पाना दिला की असंच होणार." मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

असो. गोष्ट बाबांची आहे.

धंद्यात त्यांना सगळे वस्ताद म्हणत. तीन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला हॉस्पिटलात न्यावं लागायला लागलं. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून दोन माणसं त्यांना खाली उतरवायची आणि बाबा प्रत्येक जिन्यावर त्या दोघांच्या चुका काढायचे. मग यंदा बाथरूममध्ये पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि खुर्चीही बंद झाली. डॉक्टरांनी दोनच वाटा ठेवल्या. घरी मशीन बसवायचं, नाहीतर शहराबाहेरच्या केंद्रात कायमची खाट घ्यायची. केंद्रात भेटायची वेळ रोज एक तास. ते ऐकून बाबा म्हणाले, "मला तिथे टाकायचं असेल तर आधी सांगा. मी इथेच डोळे मिटतो."

हॉस्पिटलने मशीन द्यायचं कबूल केलं, पण त्याला पाण्याची स्वतंत्र लाइन हवी होती. स्वयंपाकघरातून निघून भिंत ओलांडून बाबांच्या खोलीत येणारी, एकूण आठ सांध्यांची. मंगळवारी एक वाजता हॉस्पिटलची तंत्रज्ञ तपासायला येणार होती. पाच वाजेपर्यंत लाइन पास झाली नाही तर मशीन यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार आणि आमची पाळी पुन्हा चार महिन्यांनी येणार. ते चार महिने बाबांना केंद्रात काढावे लागले असते. त्यांच्या अवस्थेतला माणूस तिथून परत आल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं.

बाबांनी मला फोन केला. "लाइन तूच टाक. त्याचं काही खरं नाही." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मंगळवारी सकाळी आठ वाजता पिशवी घेऊन चौथ्या मजल्यावर पोचले तर दारात दादा उभा. त्याच्याही खांद्याला पिशवी.

"तू कशाला आलीस?"

"बाबांनी बोलावलं."

"मला बोलावलंय. म्हणाले, तिचं काही खरं नाही."

आतून बाबांचा आवाज आला. "भांडायचं तर आत येऊन भांडा. तिथलं मला नीट ऐकू येत नाही."

परत जाण्याइतका वेळ दोघांकडेही नव्हता, म्हणून आम्ही भिंतीच्या दोन बाजू वाटून घेतल्या. स्वयंपाकघरातले चार सांधे माझे, खोलीतले चार त्याचे. भिंतीला भोक पाडलं तेवढं मात्र दोघांनी दोन्हीकडून पाडलं, आणि ते मधोमध जुळलं नाही. बोटभर खाली आलं. त्यावर अर्धा तास गेला. चूक अर्थातच त्याच्या बाजूची होती.

भोक पडल्यावर एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

"गुंडाळ गुंडाळ," दादा तिकडून म्हणाला. "पाय मोडलाय का पाइपचा?"

"तू फास तुझी पेस्ट. पावाला लोणी लावल्यासारखी."

"माझे सांधे वीस-वीस वर्षं टिकलेत."

"हो, वकिलाला विचारते."

त्यावर पलीकडे पाना जोरात आपटला. बाबांच्या खाटेकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं झोपले असतील.

एकच्या ठोक्याला तंत्रज्ञ आली. पंचविशीतली मुलगी, काखेत फाइल, चपला दारातच काढून सरळ माझ्या सांध्यांपाशी वाकली. टॉर्च मारून पाहिलं, मग मला एक नट उघडायला लावला. पलीकडे जाऊन दादालाही एक उघडायला लावला.

"ही काय, टेप?"

"हो," मी म्हणाले.

"आणि ही पेस्ट?"

"उत्तम प्रतीची आहे," दादा म्हणाला.

"दोन्ही काढा."

आम्ही दोघं एकदमच बोलायला लागलो. तिने हात वर केला. "टेपचे धागे सुटून फिल्टरमध्ये जातात. पेस्ट पाण्यात उतरते. हे पाणी यांच्या रक्ताला खेटून जाणार आहे. सांधे कोरडे हवेत, आत काहीही नको. सूचनापत्रक पाठवलं होतं ना तुम्हा दोघांना? वाचलं नाहीत?"

आम्ही वाचलं नव्हतं. पंचवीस वर्षं सांधे करणारी माणसं पत्रकं वाचत बसत नाहीत. माझं पिशवीच्या तळाशी होतं आणि दादाने त्याच्या पत्रकावर मापं लिहिली होती.

"पाणी सोडल्यावर मला अर्धा तास बघावं लागतं," ती म्हणाली. "म्हणजे साडेचारला लाइन चालू पाहिजे. पाचला मी रिपोर्ट बंद करते." आणि ती पॅसेजमधल्या स्टुलावर फाइल उघडून बसली.

आता जे सांगते ते सांगताना मला आजही लाज वाटते. मी आयुष्यात एकही कोरडा सांधा केला नव्हता. दादाचं तोंड पाहिलं आणि कळलं की त्यानेही केला नव्हता. धंद्यात आमची नावं आहेत, लोक आम्हाला दुसऱ्यांची कामं दुरुस्त करायला बोलावतात, आणि आम्ही दोघं त्या उघड्या रिंगकडे असं बघत होतो की कोणीतरी येऊन सांगावं हिचं काय करायचं ते.

सगळं उघडलं. नव्या रिंगा काढल्या. मी माझे सांधे केले, हाताला लागेल तेवढे आवळले, पाना बाजूला ठेवला. भिंतीपलीकडून दादाच्या नटाचा करकरून आवाज आला. मुख्य कॉक उघडला. माझ्या पहिल्याच सांध्याला थेंब धरला, पडला, पुन्हा धरला. दादाकडून शिवी ऐकू आली, मी धावत गेले तर पाणी फवाऱ्यासारखं त्याच्या छातीवर उडत होतं. इतकं आवळलं होतं की रिंगने पाइपची मान दाबून चपटी केली होती. तो सगळा तुकडा कापून फेकावा लागला.

"रेडा," मी म्हणाले.

"तुझा तर गळतोय."

"माझे थेंब आहेत. तू न्हाणीघर केलंस."

पुन्हा केलं. मी अगदी थोडं जास्त आवळलं, पुन्हा थेंब. त्याने थोडं कमी आवळलं असं त्याचं म्हणणं, पण नट पुन्हा करकरला आणि पुन्हा पाणी. घड्याळात तीन वाजले. पॅसेजमध्ये तंत्रज्ञ एकदा खोकली. चुकला सांधा तर उद्या सकाळी बाबांना खाली नेणार, हे एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि हात त्यामुळे आणखी ढिले पडत होते.

"इकडे या," बाबा म्हणाले. "दोघंही."

झोपले नव्हते. उशीवर मान टाकून सगळं ऐकत पडले होते. हात सुजून पांघरुणावर पडलेले, पण डोळे टवटवीत.

"पेस्ट कशासाठी असते?" त्यांनी दादाला विचारलं.

"गळू नये म्हणून."

"गळू नये म्हणून रिंग असते. पेस्ट तुझ्यासाठी होती. तुझा हात आडदांड. कोरडा नट दिला की तू पाइपचा गळा आवळायचास. पेस्टने नट सरसर फिरतो, लवकर बसतो, मग कुठे तुला थांबायची बुद्धी व्हायची."

मला हसू फुटलं. नऊ वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

"तू दात काढू नकोस," बाबा माझ्याकडे वळले. "तुझा हात भित्रा. अर्धा फेरा राहिला की तुझा पाना खाली. काही तुटेल, काही फुटेल. त्या उरलेल्या फटीत भरायला तुला टेप दिली."

"आणि तुम्ही काय लावायचात?" मी विचारलं.

"मी काय लावणार? मी आवळायचो."

मी मोठ्या तोऱ्यात चार मुलींना हे काम शिकवलं आहे. प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगितलं की आमच्या वस्तादांची खूण म्हणजे टेपचे दोन वेढे, एक कमी नाही, एक जास्त नाही. ती वस्तादांची खूण नव्हतीच. माझ्या भित्रेपणावर बांधलेली पट्टी होती ती, आणि तीच मी त्या चौघींनाही बांधत आले.

"पेन्सिल आण," बाबा म्हणाले. "नट हाताने बसेल तेवढा बसव. मग त्याच्यावर खूण कर. मग पान्याने एक पूर्ण फेरा. खूण जिथून निघाली तिथे परत आली की थांब. त्याआधी थांबायचं नाही." हे मला. "आणि त्यानंतर पुढे जायचं नाही." हे दादाला.

पहिल्या आठवड्यात शिकाऊ माणसाला सांगतात ते हे. आम्ही मान खाली घालून आपापल्या बाजूला गेलो. पाइपची टोकं नव्याने कापली, कडा घासून साफ केल्या. खूण केली, फिरवला. पाऊण फेऱ्याला माझं मनगट आपोआप सैल पडलं. मी दात आवळले आणि खूण जागेवर आणली. प्रत्येक नटाला तेच. चौथ्या सांध्यापर्यंत पाठीला घाम फुटला होता. पलीकडून करकर एकदाही ऐकू आली नाही, आणि दादा स्वतःशीच मोठ्याने "थांब, थांब" म्हणताना मात्र ऐकू आला.

चार पंचवीसला पाणी सोडलं. तंत्रज्ञाने आठही सांध्यांना कोरडा टिश्यू गुंडाळला, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसली.

आता अर्धा तास करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही बाबांच्या खाटेच्या दोन बाजूंना उभे. मला गप्प राहवेना.

"छत पडलं तेव्हा का नाही सांगितलंत? आम्ही एकमेकांच्या जिवावर उठलो होतो. एका वाक्यात मिटलं असतं."

"विचारलंत कुठे? दोघंही मला सांगायला यायचात."

"मी रविवारी आले होते. तुम्ही म्हणालात, टेपच बरोबर, तो गाढव आहे."

दादाने मान वर केली. "मला गुरुवारी म्हणाले, पेस्टच बरोबर. तिला काही कळत नाही."

आम्ही दोघांनी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी ओशाळतील. मनातल्या मनात मी माफीही मंजूर करून टाकली होती.

"तुमची आई गेली त्यानंतरचं आठवा," बाबा म्हणाले. "दोघं एकत्र धंदा करत होतात. महिन्यातून एकदा यायचात, तेही माझा एखादा पाना उचलून न्यायला. पाच मिनिटं. उभ्या उभ्या. भांडलात त्या आठवड्यापासून हा दर गुरुवारी, तू दर रविवारी. दोन-दोन तास. नऊ वर्षांत एकदाही चुकला नाहीत." ते थोडे थांबले, दम लागला होता. "मी कशाला मिटवू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दादाची पोर एका गल्लीपलीकडे वाढली आणि मी तिला कधी कडेवर घेतलं नाही. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दादा हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत येऊन परत गेला, हे मला शेजारणीने सांगितलं होतं. आणि हा माणूस इथे पडून दर आठवड्याला आमच्यात थोडं थोडं विष घालत होता. कुठेतरी पाणी मुरतंय असं मला कधी वाटलंच नाही. मी दादाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या दोघांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती चांगली नव्हती. दादाने वाकून पिशवी उचलली. मीही माझी उचलली.

तंत्रज्ञ आत आली. एकेक टिश्यू काढून तिने बोटांनी चाचपला, गालाला लावून पाहिला. आठही कोरडे.

"लाइन पास," ती म्हणाली. "मशीन खाली गाडीत आहे, माणसं वर आणतील. फक्त एक राहिलं." तिने फाइलमधला कागद खाटेशेजारच्या टेबलावर ठेवला. "सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार-चार तास. तेवढा वेळ घरातलं एक जबाबदार माणूस शेजारी बसून पाहिजे. प्रत्येक वारापुढे नाव आणि सही. नावाशिवाय मला मशीन ठेवता येत नाही."

कागदावर तीन रिकामे रकाने होते. मी पिशवीचा पट्टा घट्ट धरून उभी होते आणि मला वाटत होतं, जाऊ दे याला केंद्रात. रोज एक तास. आम्ही दोघं एकत्र जाऊ, पाच मिनिटं, उभ्या उभ्या. हे मी खरंच मनात आणलं, आणि ते आणताना मला वाईट वाटलं नाही. दादा दाराच्या दिशेने दोन पावलं गेलाही होता.

"मुलाचं नाव लिहा," बाबा तंत्रज्ञाला म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "तिन्ही दिवस. मुलगी बसायची नाही. सुई दिसली की तिचे हात कापतात."

दादा वळला. टेबलापाशी आला आणि पेन उचललं.

"थांब," मी म्हणाले. "तिन्ही दिवस का म्हणून?"

"तुला जमायचं नाही. ऐकलंस ना."

"मला काय जमतं ते तू मला सांगणार? पाइपची मान चेपणारा?"

"चार थेंब तर थांबवता आले नाहीत तुला."

"दिवस वाटून घ्या ना," तंत्रज्ञ कंटाळून म्हणाली. "एक सोमवार घ्या, एक बुधवार."

सोमवारपुढे त्याने नाव लिहिलं. मी त्याच्या हातातून पेन ओढलं आणि बुधवारपुढे माझं लिहिलं. मग शुक्रवार उरला. त्याने पेन पकडलं, मी सोडलं नाही. पेनाच्या टोकाने त्या रकान्यात एक वेडीवाकडी रेघ उमटली.

"शुक्रवार माझा," दादा म्हणाला.

"माझा."

बाबा डोळे मिटून शांत पडले होते. त्यांचा श्वास एकसारखा चालला होता आणि तोंडाच्या कोपऱ्यात जे होतं ते दुखण्याचं नव्हतं. ते काय करत होते हे मला कळत होतं. दादालाही कळत होतं, कारण त्यानेही एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी आमच्यापैकी कोणीही एकाने बोटं सैल केली असती तर सगळंच सुटलं असतं. मी आणखी घट्ट धरलं.